शस्त्रक्रियेनंतर नुसती पेज पुरत नाही

अंदर मावळ किंवा नाणे मावळातल्या गावातून सत्तरीतल्या आजीला पोटदुखीसाठी तळेगाव-लोणावळ्याच्या रुग्णालयात आणले जाते, तोवर अनेकदा दोन-तीन दिवस उलटलेले असतात. आतड्याला पीळ, अडकलेला हर्निया किंवा फुटलेला अल्सर असेल, तर शस्त्रक्रिया लगेच करावी लागते. 'आधी वजन वाढवा, मग बघू' म्हणायला वेळच नसतो. पण त्या गडबडीत आजीचे वजन करायचेही राहून जाते.

ते राहू नये. 'लासी' या राष्ट्रीय पाहणीत (२०१७-१८) साठीपुढच्या सुमारे २७ टक्के भारतीयांचे वजन कमी आढळले. अमेरिकी सर्जन हायरम स्टडली यांनी तर १९३६ मध्येच अल्सरच्या रुग्णांवरून दाखवून दिले होते, की शस्त्रक्रियेपूर्वी २० टक्क्यांहून अधिक वजन घटलेल्यांपैकी एक तृतीयांश दगावले. इतरांत हे प्रमाण साडेतीन टक्के होते. जखम भरायला प्रथिने लागतात. ती अन्नातून मिळाली नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडते. श्वासाचे स्नायू दुबळे झाले, की खोकून कफ काढता येत नाही आणि न्यूमोनिया गाठतो.

'गॅस सरेपर्यंत काही देऊ नका' हा जुना दंडक आता बदलला आहे. सर्जनने परवानगी दिली, तर बहुतेकांना २४ तासांच्या आत तोंडाने किंवा नळीने अन्न सुरू करता येते. ४५ किलोच्या आजीला दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिने हवीत. वाटीभर पातळ पेजेतून जेमतेम एक-दोन ग्रॅम मिळतात. एका अंड्यातून सहा. म्हणून पेजेच्या जोडीला दूध, घट्ट वरण, अंडे हवेच.

मात्र बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयावर ताण येतो. तिथे आधी थायमिन, रोज रक्ततपासणी आणि हळूहळू वाढवलेला आहार, हाच मार्ग.

यासाठी मोठे यंत्र लागत नाही. दाखल होताना वजनकाटा आणि दोन प्रश्न पुरेत: अलीकडे वजन घटले का? जेवण कमी झाले का? उत्तर 'हो' आले, तर त्याच दिवशी आहारतज्ज्ञाला बोलवावे. घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीवर आहारही लिहावा, आणि गावात आशाताईंनी दर पंधरवड्याला वजन पाहावे. टाके निघाले म्हणजे आजी बरी झाली, असे नव्हे.