आधी हिशेब, मग हातोडा

अमेरिकेत नदीकाठी किंवा खाडीकाठी जुनं घर घेतलेल्या मराठी मंडळींना एक कळकळीचं सांगणं. आई-बाबांसाठी खाली खोली वाढवायची असेल, स्वयंपाकघर नवं करायचं असेल, तर कंत्राटदाराला होकार देण्याआधी पन्नास टक्क्यांचा नियम समजून घ्या.

राष्ट्रीय पूरविमा योजना १९६८ पासून चालू आहे. त्यात सामील झालेल्या गावांना हा नियम पाळावाच लागतो. सरकारी नकाशावर तुमचं घर मोठ्या पूरधोक्याच्या पट्ट्यात असेल आणि कामाचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या निम्मा किंवा त्याहून जास्त होत असेल, तर ते घर नव्यासारखंच धरतात. मग जोतं ठरलेल्या पूरपातळीपर्यंत उचलावं लागतं. जुन्या घराला विम्याच्या हप्त्यात सवलत मिळत असेल, तर तीही जाऊ शकते.

गफलत होते ती इथे. घर पाच लाख डॉलरचं, म्हणून अडीच लाखांपर्यंत चिंता नाही, असं आपण धरून चालतो. पण जमिनीची किंमत यात मोजत नाहीत. नुसती इमारत तीन लाखांची असेल, तर दीड लाखालाच नियम लागू. खर्चात सामान, मजुरी, कंत्राटदाराचा नफा सगळं येतं. तुम्ही स्वतः रंग लावलात तरी त्या मेहनतीची बाजारभावाने किंमत धरतात. काम तुकड्यातुकड्यांनी केलं म्हणून सुटका होईलच असं नाही. काही गावं अनेक वर्षांच्या परवान्यांची बेरीज करतात, तर काहींची मर्यादा पन्नासहून कमी असते.

पुरात घराचं नुकसान झालं तरी हाच नियम. घर पूर्ववत करायचा सगळा खर्च मोजतात, तुम्ही अर्धीच दुरुस्ती केलीत तरी. अशा वेळी घर उचलायला पूरविम्यातून ३०,००० डॉलरपर्यंत वेगळी मदत मिळू शकते. ती मागायला विसरू नका.

म्हणून आधी गावाच्या बांधकाम परवाना कार्यालयात जा. घर कोणत्या पट्ट्यात आहे, इमारतीची किंमत कशी धरतात, जुने परवाने मोजतात का, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मग विमा एजंटला फोन करा. भिंत पाडल्यावर हे प्रश्न विचारले, तर उत्तर फार महाग पडतं.