गोष्ट पाठ होते, भाषा येत नाही

इंग्रजी शिकवण्याच्या नावाखाली महाराष्ट्रातील असंख्य शाळांतून आज जे चालले आहे, त्यास शिक्षण म्हणावे की नकलांची कारखानदारी, हा प्रश्न कधीतरी स्पष्ट शब्दांत विचारावाच लागेल. सहावी ते आठवी ही तीन वर्षे मुलाच्या आयुष्यात निर्णायक असतात. या वयात तो स्वतःची मते बनवू लागतो आणि मोठ्यांना उलट प्रश्न विचारू लागतो. भाषेच्या शिक्षणाला याहून सुपीक भूमी नाही. दहावीच्या बोर्डाचे भूतही अद्याप मानगुटीवर बसलेले नसते. नेमक्या याच काळात इंग्रजीच्या तासाला कथा आणि लेखन या दोन्हींची पद्धतशीर हत्या होते.

कथेचा पाठ कसा घेतला जातो ते पाहावे. एक वाक्य वाचले जाते, त्याचा मराठी अर्थ सांगितला जातो आणि मुले तो पेन्सिलीने शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत टिपून घेतात. दोन-तीन तासांत धडा संपतो. परंतु ती गोष्ट सलग, एका दमात, गोष्ट म्हणून कोणी वाचून दाखवलेली नसते. ‘पुढे काय झाले?’ ही उत्कंठा म्हणजे कथेचा प्राण. तिलाच वर्गात प्रवेश नाही. मग स्वाध्यायाची उत्तरे फळ्यावर अवतरतात, फळ्यावरून वहीत जातात, वहीतून डोक्यात आणि डोक्यातून उत्तरपत्रिकेत. परीक्षा संपली की सारे पुन्हा कोरे!

लेखनाची कथा याहून करुण आहे. मुद्द्यांवरून गोष्ट लिहावयाची असते. मुद्दे ठरलेले : म्हातारा शेतकरी, भांडखोर मुलगे, काठ्यांची मोळी. आरंभ ‘वन्स अपॉन अ टाइम’ने आणि शेवट ‘मॉरल’ने, हेही ठरलेले. वर्गात पन्नास मुले असतील तर पन्नास वह्यांत तोच शेतकरी, त्याच काठ्या आणि स्पेलिंगच्याही त्याच चुका सापडतात. एखाद्या मुलीने लिहिले की मोळी सुटल्यावर धाकट्याने त्याच काठ्यांची चूल पेटवून चौघा भावांना भाकरी करून घातली, तर तिचे कौतुक व्हावयास हवे. प्रत्यक्षात लाल शाईची रेघ तिच्याच वाट्याला येते, कारण गाइडमध्ये तसे लिहिलेले नसते. जिने विचार केला तिला शिक्षा आणि ज्याने उतरवून काढले त्याला पैकीच्या पैकी गुण, हा कोणता न्याय?

मेकॉलेच्याही पुढे

१८३५ साली मेकॉलेने आपल्या टिपणात राज्यकर्ते आणि रयत यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करील असा, रक्ताने हिंदी पण रुचीने इंग्रज वर्ग घडवण्याची मनीषा व्यक्त केली. त्याच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. परंतु मेकॉलेला निदान दुभाषे तरी हवे होते. आजची पद्धत दुभाषेसुद्धा घडवीत नाही, ती केवळ नक्कलनवीस घडवते. दोष साहेबाचा होता असे म्हणून हात झटकण्याची सोय आता उरलेली नाही. साहेब जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली.

महाराष्ट्राने २००० साली इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू केले. शिकण्याची चार वर्षे वाढली. शिकवण्याची रीत मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली. विहिरीत पाणी नसताना पोहऱ्यांची संख्या वाढवून काय उपयोग? हे दुखणे एकट्या महाराष्ट्राचे नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी इंग्रजीतील साधी वाक्ये वाचू शकणारी मुले २००९ साली ६०.२ टक्के होती. २०१६ साली ती ४५.२ टक्क्यांवर आली. इंग्रजीची हाव देशभर वाढत होती त्याच काळात ही घसरण झाली, हे विसरता कामा नये.

गोष्टींचा वारसा कोणाचा?

ज्या भूमीने जगाला गोष्टी सांगावयास शिकवले, त्या भूमीतील मुलांची ही अवस्था व्हावी, हा दैवदुर्विलास आहे. राजा अमरशक्तीच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवण्याचे आव्हान विष्णुशर्म्याने स्वीकारले आणि ते गोष्टींच्या बळावर पार पाडले, असे पंचतंत्र सांगते. तेथे एका गोष्टीतून दुसरी निघते, पात्रे परस्परांशी वाद घालतात, ऐकणारा ‘हे कसे?’ म्हणून विचारतो आणि त्या प्रश्नातूनच पुढची कथा जन्माला येते. प्रश्न विचारणारा श्रोता हा त्या अध्यापनशास्त्राचा पायाच आहे.

हेच पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत, आठव्या शतकात अरबीत आणि पुढे हिब्रू, लॅटिन, इटालियन असा प्रवास करीत १५७० साली सर टॉमस नॉर्थच्या लेखणीतून इंग्रजीत पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० सालची. म्हणजे इंग्रज व्यापारी येथे येण्याचा विचार करण्यापूर्वीच भारताच्या गोष्टी त्यांच्या भाषेत जाऊन बसल्या होत्या! आणि आज साडेचारशे वर्षांनंतर आपल्या सातवीतील मुलाला माकड आणि मगरीची गोष्ट स्वतःच्या दहा इंग्रजी वाक्यांत सांगता येत नाही. ती त्याला ठाऊक नसते असे नाही; आजीच्या मांडीवर त्याने ती दहादा ऐकलेली असते. परंतु आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट सांगण्यासाठीच भाषा असते, हे त्याला शाळेने कधी सांगितलेलेच नसते.

येथे परक्या कथांचा द्वेष अभिप्रेत नाही. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात इसापनीती मराठीत आणली आणि महाराष्ट्राने ती आपलीशी केली. घेणे आणि देणे, दोन्ही ज्याला जमते तो समाज जिवंत. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर यांची पिढी इंग्रजी शिकली ती साहेबाची नक्कल करण्यासाठी नव्हे. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या या मंडळींनी पुढल्याच वर्षी मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’ सुरू केला. परक्या भाषेत स्वतःचे म्हणणे मांडणे, हा त्यांचा बाणा होता. १९३५ साली प्रसिद्ध झालेले ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ आर. के. नारायण यांनी लिहिले तेव्हा त्यांना लंडनचा मुलगा उसना आणावा लागला नाही. दक्षिणेतील लहान गावातला शाळकरी पोर त्यांना पुरला.

सबबींचे खंडन

यावर ठरावीक सबबी पुढे येतात. मुलांना काहीच येत नाही, म्हणून पाठ करून घ्यावे लागते, ही पहिली. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही आणि चुका केल्यावाचून लिहिता येत नाही. मुलांनी आधी मराठीत गोष्ट सांगावी, मग मोडक्या इंग्रजीत लिहावी, शिक्षकाने एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी आणि मुलाने तेच पुन्हा लिहावे. यास पैसा लागत नाही, धीर लागतो. दुसरी सबब वर्गातील गर्दीची आणि निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतच्या कामांची. ती खोटी नाही आणि तिचा जाब शासनाला विचारलाच पाहिजे. परंतु आठवड्यातून एक तास गाइड मिटून ठेवण्यास कोणत्याही शासननिर्णयाची आड नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर घोकंपट्टीच्या विरोधातच बोलते.

आता तर मोबाइलवर मुद्दे सांगताच यंत्र निमिषार्धात निर्दोष इंग्रजीत गोष्ट लिहून देते. ज्या कौशल्यासाठी मुलांची तीन वर्षे खर्ची पडत होती, ते यंत्राने फुकट करून टाकले. यंत्राला जे देता येत नाही ते एकच : त्या मुलाची स्वतःची गोष्ट.

आत्मपरीक्षण सुजाण म्हणवणाऱ्या मध्यमवर्गालाही चुकणार नाही. सभेत स्वभाषेचा गौरव करावयाचा, घरी येऊन मुलाला महागड्या इंग्रजी शाळेत घालावयाचे आणि त्याने स्वतः लिहिलेल्या ओळींऐवजी त्याच्या गुणपत्रिकेकडे पाहावयाचे, हा दुटप्पीपणा आहे. मराठी माध्यमातील मुलाला मात्र न्यूनगंडाचे ओझे! स्वभाषेत ज्याला विचार करता येतो त्यालाच परभाषेत काही सांगता येते, एवढे साधे सत्य घराघरांत पोहोचले पाहिजे.

गावोगावी अभ्यासिका आणि संस्कारवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना येथे मोठे कार्यक्षेत्र आहे. दर शनिवारी एक गोष्ट घ्यावी. ती शेवटाआधी थांबवावी. शेवट मुलांनी आधी मराठीत आणि मग दहा ओळींच्या इंग्रजीत लिहावा. प्रत्येकाचा शेवट वेगळा असावा, एवढीच अट. इंग्रजीचे भय घालवण्याचा मार्ग येथूनच जातो. ज्यांच्या पूर्वजांच्या गोष्टींनी अर्धे जग पालथे घातले, त्यांच्या मुलांनी दुसऱ्याच्या वहीत डोकावून गोष्ट लिहावी, हे यापुढे समाजाने खपवून घेऊ नये.