अंगणातील होडी

जून उजाडला की कोकणपट्टीतील कोळीवाड्यांचे रूप पालटते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असल्यामुळे, आणि खवळलेल्या दर्यात लहान होडी लोटणे म्हणजे जिवाशीच गाठ असल्यामुळे, नाखवा आपली होडी भरतीच्या रेषेपलीकडे ओढून, साधेल तेथे थेट घराच्या अंगणात आणून, झावळ्यांनी अथवा ताडपत्रीने शाकारून ठेवतो.

नगररचना, महसूल व पालिका-प्रशासनातील आमच्या वाचकांपुढे हाच प्रसंग तक्रारअर्जाच्या रूपाने येतो: अमुक इसमाने रहिवासी मिळकतीत नौका ठेवून रहदारीस अडथळा केला आहे, सबब ती हटविण्यात यावी. अतिक्रमणाची नोटीस काढण्यापूर्वी त्या होडीपाशी घटकाभर उभे राहावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. तेथे तळाचे शेवाळ व शिंपले खरवडले जात असतात, फळ्यांचे सांधे नव्याने बुजविले जातात, रंगाचा हात फिरतो, पडवीत जाळी सांधली जातात. आणि हे काम घरच्या माणसांचे असल्याने ते घरापाशीच होऊ शकते. शेतकऱ्याच्या दारातील बैलगाडीस कोणी अडगळ म्हणत नाही.

दोष नाखव्याचा नसून नकाशाचा आहे. वाहनतळाची आपली कोष्टके मोटारी व दुचाक्या मोजतात. होडी त्यांत नाही. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांना वेगळी वागणूक देऊ केली, हे खरेच स्तुत्य. परंतु सीमांकन घरांभोवती रेघ ओढून थांबले, तर होडी ओढण्याची वाट, मासळी सुकविण्याचे खळे आणि दुरुस्तीची मोकळी जागा, जी पिढ्यान्‌पिढ्या केवळ वहिवाटीने चालत आली, ती दप्तरी मोकळी जमीन म्हणूनच उरते, आणि मोकळ्या जमिनीवर उद्या कोणाचा डोळा जाईल हे सांगावयास नको.

आगीचा बंब व रुग्णवाहिका यांस लागणारी वाट मात्र कोणत्याही होडीने अडवू नये. तेथे आम्ही तडजोड मानीत नाही. उरलेल्या जागेत पावसाळ्यापुरती, नारळी पौर्णिमेच्या मुदतीची, विनाशुल्क परवानगी नियमातच लिहावी. येत्या मोजणीस जाताना मच्छीमार सहकारी संस्थेचा जाणता तांडेल सोबत घ्यावा, होडीची लांबी-रुंदी मापावी, आणि ती पाण्यापासून दारापर्यंत ज्या वाटेने येते ती वाट नकाशावर शाईने उतरवावी.