पाळीतले जुलाब : उपाय साधा, सोय कुठे?

गाळप हंगाम सुरू झाला की नेवासा तालुक्यात सोनई आणि भेंडे येथील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड जिल्ह्यातून, शेजारच्या पाथर्डीतून आलेली कुटुंबे पहाटेच फडात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यामुळे बाईला पाळी आली तरी काम थांबत नाही. थांबलेच तर खाडा पडतो. पाळीतल्या पोटदुखीविषयी बायका आपसांत तरी बोलतात. त्याच दिवसांत लागणाऱ्या जुलाबांविषयी मात्र कुणी बोलत नाही.

हा त्रास अनेक स्त्रियांना होतो आणि दरवेळी त्याचे कारण बाहेरचे खाणे नसते. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि कळा येतात. त्यांचाच परिणाम आतड्यांवरही होतो. आतड्यांची हालचाल वाढून पातळ शौचाला होते. पाळीच्या आधी याच्या उलट घडते. तेव्हा प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आतड्यांची गती मंदावते, म्हणून पोट फुगते, साफ होत नाही.

जुलाबात पहिला उपाय म्हणजे ओआरएसचे पाणी, सोबत हलके जेवण आणि ओटीपोटाला शेक. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, त्यामुळे कळा थांबतात. पण उपाशीपोटी घेतल्यास त्या जठराला त्रास देतात आणि अंगातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाला. काहींना या गोळ्यांनीच जुलाब होतात. म्हणून त्या डॉक्टरांना विचारून आणि जेवणानंतरच घ्याव्यात.

फडात नेमके हेच जमत नाही. शौचालय नसते, म्हणून बाई पाणीच कमी पिते. त्यात जुलाब, ऊन आणि रिकाम्या पोटी घेतलेली गोळी यांची भर पडते. साधा त्रास असा गंभीर होतो.

दर महिन्याच्या या हालांना कंटाळलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सुटकेसारखा वाटतो. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती तपासली. त्यांतील 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. काही आजारांत ही शस्त्रक्रिया गरजेची असते. पाळीतल्या कळा आणि जुलाब एवढ्यासाठी ती नसते. सोबत अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती अकाली येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

मात्र शौचातून रक्त जाणे, पाळीत शौचाच्या वेळी तीव्र वेदना होणे, ताप येणे, वजन घटणे किंवा पाळी संपल्यावरही जुलाब सुरू राहणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. त्यामागे एंडोमेट्रिओसिस किंवा आतड्याचा आजार असू शकतो.

कारखाने आणि आरोग्य विभाग मिळून फडाजवळ फिरते शौचालय, पिण्याचे पाणी, आशाताईंकडून ओआरएसची पाकिटे आणि पाळीत एक दिवस बिनखाड्याची सुट्टी देऊ शकतात. यातली एकही गोष्ट शस्त्रक्रियेइतकी महाग नाही.