साडीबरोबर आपला शब्दही जातो



हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी घरबसल्या व्यवसाय करतात. कुणी साड्या आणून विकते, कुणी तोरणं आणि राख्या करते, कुणी ब्लाउजवर आरीकाम करून देते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो पडतो, खाली दोन ओळी येतात, पैसे पोचले की वस्तू घरी. मला या कामाचं फार कौतुक आहे. म्हणूनच आज त्या दोन ओळींबद्दल लिहायचं आहे. फोटोत साडीचा रंग दिसतो. ती हातमागाची की यंत्रमागाची, धागा रेशमाचा की पॉलिस्टरचा, हे दिसत नाही. ते विकणारीलाच माहीत असतं. घेणारी पैसे मोजते ते तिच्या शब्दावर.

व्यवसाय शिकवणारे सांगतात, 'ग्राहकाला तुमची गोष्ट सांगा, मनापासून बोला.' गोष्ट जरूर सांगावी. पण लेकरं झोपल्यावर रात्री जागून तुम्ही काम केलंत, हे वाचून घेणारीचे डोळे भरून येतील आणि वस्तू कशाची आहे ते तिला तरीही कळणार नाही. माझ्या मते खरं बोलणं आधी मालाबद्दल हवं, स्वतःबद्दल नंतर.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. भंडारा जिल्ह्यातली करवतकाठी साडी तुम्हाला ठाऊक असेल. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून करवत. अंग कोशाचं, म्हणजे टसरचं, आणि काठ सुती. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर हे कोसे वाढवतात. साडी विणताना अंगाला एक धोटा आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालतात. प्रत्येक ओळीत काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा. काम संथ, नजर सतत मागावर. यंत्रमागावर तसाच दिसणारा काठ झरझर निघतो, कारण एकच आडवा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. फोटोत दोन्ही साड्या बहिणी-बहिणी दिसतात.

पैठणीचंही तेच. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. यंत्रावरच्या पैठणीला मागून सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. आता 'सेमी पैठणी' म्हणून विकली तर यंत्रावरच्या पैठणीत काहीच वाईट नाही. नोकरी करणाऱ्या मुलीला कमी पैशांत हौस भागवता येते. खोट तेव्हा होते जेव्हा 'सेमी' हा शब्द फोटोखालून हळूच गळतो.

आम्हा नागपूरकरांना हा फरक नवा नाही. १८७७ साली इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि कोष्ट्यांचे हातमागही याच शहरात होते. एका गावात दोन्ही कापडं. सरकारनं १९८५ साली कायदा करून काही प्रकारचं कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवलं. आज त्या यादीत ११ प्रकार आहेत आणि ठरावीक वर्णनाच्या साड्याही त्यात येतात. २००६ पासून 'हँडलूम मार्क'चं लेबलही आहे. तरीही 'हँडलूम' हा शब्द फोटोखाली लिहायला काही खर्च येत नाही. त्याचा खर्च विणकराला येतो. यंत्रावरची साडी हातमागाची म्हणून निम्म्या किमतीत विकली, की खऱ्या साडीचा भाव ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, 'तिकडे तर एवढ्यातच मिळते.' मग त्या विणकराचा मुलगा मागावर कशाला बसेल?

बी.कॉम.ला आम्हाला १९३० चा मालविक्री कायदा होता. त्यात 'ग्राहकानं सावध राहावं' असं तत्त्व आहे. पुष्कळ विकणाऱ्यांना तेवढंच पाठ असतं. पण त्याच कायद्यात असंही आहे की वर्णन करून माल विकला तर माल वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे, आणि नमुना दाखवून विकला तर माल नमुन्यासारखाच हवा. फोटोखालच्या दोन ओळी म्हणजे हे वर्णनच. मोठं दुकान असो की आपली बैठकीची खोली.

आपल्या घराण्यांत तर हे कायद्याच्या कितीतरी आधीपासून सांगितलेलं आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार येतात. त्यातला एक 'प्रतिरूपक व्यवहार'. म्हणजे नकली माल अस्सल म्हणून विकणं, किंवा अस्सलात तसाच दिसणारा हलका माल मिसळणं. मला विचार करायला लावणारी गोष्ट ही, की हा अतिचार सत्यव्रताखाली येत नाही, अचौर्याखाली येतो. शास्त्रकारांनी त्याला नुसतं खोटं बोलणं मानलं नाही, चोरीच्या पंगतीला बसवलं. बरोबरच आहे. हातमागाचे म्हणून जे जास्तीचे पैसे आले, ते आपले नव्हतेच.

आता रेशमाचं. आपल्यातल्या अनेकींनी रेशीम सोडलेलं आहे, कारण सलग धागा मिळावा म्हणून कोसे उकळतात आणि आतला जीव मरतो. अशा बायकांसाठी बाजारात 'अहिंसा सिल्क' आलं. त्यामागचं काम खरं आहे. हैदराबादच्या कुसुम राजय्यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांपासून कापड करण्याची पद्धत रुळवली. पण कोसा फुटला की धागा तुटतो. मग तो कापसासारखा कातावा लागतो, चकाकी कमी येते आणि खर्च वाढतो. म्हणून झुळझुळीत, लखलखीत 'अहिंसा सिल्क' स्वस्तात दिसलं तर पुन्हा विचारा. आणि 'सिल्क मार्क' पाहून निर्धास्त होऊ नका. तो शिक्का रेशीम शुद्ध असल्याचा आहे, जीव वाचल्याचा नाही.

इथे खोट्या वर्णनाचं नुकसान पैशांपुरतं राहत नाही. जिनं व्रत घेतलं आहे, तिच्या अंगावर तिच्या नकळत ते वस्त्र चढतं. पर्युषणात तीच साडी नेसून ती मंदिरात येते. साडी परत करता येईल, पण हे कसं भरून देणार?

एका प्रदर्शनात मला भंडाऱ्याकडचे एक विणकर भेटले होते. मी टसरच्या साडीला हात लावताच ते म्हणाले, 'ताई, तुम्ही जैन दिसता. हे कोसे उकळलेले आहेत बरं. तुमच्यासाठी तिकडं सुती आहे.' हजारोंची विक्री त्यांनी एका वाक्यात सोडली. तेव्हापासून माझ्या घरातल्या आणि नात्यातल्या सुती साड्या त्यांच्याकडूनच येतात. मी कोसा नेसत नाही, पण ज्यांना नेसायचा आहे त्यांनाही त्यांचंच नाव सांगते.

'काकू, एवढं खरं सांगितलं तर माल खपत नाही,' असं तरुण मुली म्हणतात. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. काही विक्री खरंच जाते, आणि हप्ते भरायचे असतात तेव्हा ती बोचते. पण घरगुती व्यवसायात आपल्याकडे जाहिरातीचा पैसा नसतो. नाव एवढंच भांडवल. ताळेबंदात नावलौकिक मालमत्तेच्या बाजूला मांडतात, ते उगाच नाही. एक फसलेली बाई आपल्या ग्रुपवर काय लिहिते, ते तुम्हीही वाचलंच असेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक फोटोखाली एवढं लिहा: धागा कोणता, माग कोणता, कुठे विणलं, रंग जाण्याची शक्यता आहे का, आणि कुठे डाग किंवा दोष आहे का. तोरण असेल तर मणी काचेचे की प्लास्टिकचे. दुसऱ्याकडून आणून विकत असाल तर 'मी केलेलं' लिहू नका, 'मी निवडलेलं' लिहा. त्यातही कमीपणा नाही. आणि व्यापाऱ्यानं तुम्हालाच नीट सांगितलं नसेल, तर 'खात्री नाही' असं लिहायला लाजू नका. विचारल्यावर सांगणं ठीकच, पण न विचारता सांगितलेलं लोक लक्षात ठेवतात.

घेणाऱ्या आपणही थोडं बदलू या. खरं सांगणारीशी घासाघीस करायची आणि गोड बोलणारीला सांगेल ती किंमत द्यायची, असं आपण करत राहिलो तर खरं बोलणारी टिकणार कशी? येत्या सणाला साडी घ्याल तेव्हा पदर उलटा करून बघा, दोन प्रश्न विचारा, आणि सरळ उत्तर मिळालं तर भाव न पाडता पैसे द्या.