गटार ओढ्यापर्यंत, मग पुढे?



ग्रामसभेत सांडपाण्याचा विषय निघाला की ठराव ठरलेला असतो: बंदिस्त गटार. गल्ली उकरायची, पाइप टाकायचे, वर काँक्रीट ओतायचं, फलक लावायचा. घाण डोळ्यांआड होते, म्हणून कोणी विरोध करत नाही. आमचा विरोध आहे. पाइप पाणी वाहून नेतो, शुद्ध करत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी गटारांचं तोंड शेवटी ओढ्यातच उघडतं. त्याच ओढ्याकाठी पाणीपुरवठ्याची विहीर असते आणि त्याच ओढ्यात मोटार टाकून मेथी-कोथिंबीर भिजवली जाते.

हिशेब मांडून पाहा. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज 55 लिटर पाण्याचं. 2000 वस्तीच्या गावाला 1,10,000 लिटर. त्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होतं असं अभियंते धरतात, म्हणजे 88,000 लिटर: दहा हजारी टँकर जवळजवळ नऊ, दररोज. डोक्यावरून घागरी यायच्या तेव्हा मोरीचं पाणी परसातली केळ आणि अळूच पिऊन टाकायची. घरोघर नळ आले, परसावर खोल्या चढल्या, पाणी मात्र कुठं जाणार हे कोणी विचारलंच नाही.   

जिथलं पाणी तिथंच जिरवणं हा पहिला उपाय. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं तो घरोघर करून दाखवला: साधारण चार फुटी शोषखड्डा, मधे सिमेंटची टाकी, भोवती दगड. टाकीची भोकं वरच्या अंगाला, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि नितळ पाणी दगडांतून मुरतं. ‘असले खड्डे वर्षभरात तुंबतात’ असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. मोरीला जाळी नसेल, भांड्यांची राख नि खरकटं थेट आत जात असेल, गाळ कधी उपसलाच नसेल तर खड्डा तुंबणारच. पण गटारही उपसावंच लागतं, आणि बंदिस्त गटार उपसणं तर त्याहून अवघड. दुसरा आक्षेप वजनदार आहे: काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही, दाट गावठाणात जागा नाही, विहीर-हातपंपाजवळ खड्डा घेणं तर धोक्याचंच. कबूल. तिथं गटार घ्या, पण त्याच्या टोकाला गाळटाकी आणि स्थिरीकरण तळं हवं. तळ्यात पाणी काही दिवस थांबतं. ऊन, शेवाळ आणि जिवाणू घाण कमी करतात, वीज लागत नाही. सेप्टिक टँकचा पाइप मात्र गटारात सोडू देऊ नका. मोरीच्या पाण्यात मैला मिसळला की साबणाच्या पाण्याचा प्रश्न रोगराईचा होतो.

पैसा नाही, हे कारण पुरेसं नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. 2000 वस्तीला 5 लाख 60 हजार. गावभर काँक्रीट ओतायला ही रक्कम पुरत नाही, शोषखड्ड्यांचं बरंच काम तीत होतं. ठेकेदाराला गटार का आवडतं, ते यात आलं.

तेव्हा गटाराचं शेवटचं चेंबर कोणत्या गटात, तिथून पाणी कुठं, आणि गाळ कोणी व कोणत्या पैशातून काढायचा, हे अंदाजपत्रकात लिहून येईपर्यंत ठरावाला हात वर करू नका.