पाठांतराच्या पिंजऱ्यातील कविता

आपल्या धर्मग्रामांत कवितापाठांतराच्या स्पर्धा मोठ्या हौसेने होतात. मूल हात बांधून उभे राहते, घोकलेली कविता एका दमात संपवते आणि बक्षीस घेऊन खाली उतरते. कवितेतील एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा, तर ते आईच्या तोंडाकडे पाहते. याला आपण मराठीची सेवा म्हणतो! ही सेवा नव्हे. हे कवितेला पिंजऱ्यात कोंडणे आहे.

हीच मुले सहलीला पनवेलजवळच्या कर्नाळ्यास जातात. १९६८ साली पक्ष्यांसाठी राखलेल्या त्या रानात डबे उघडतात, गाणी होतात आणि पक्षी न पाहताच बस परतते. वास्तविक तेथे मराठीने एक अख्खे गाव वसवले आहे. पानाला पान शिवतो तो शिंपी, खोड ठोकतो तो सुतार, हातोडीच्या ठोक्यांसारखा टुकटुकतो तो तांबट आणि घारी-कावळ्यांनाही हुसकावून लावतो तो कोतवाल. पावशाच्या हाकेत तर शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ असे ऐकू आले. ही नावे ठेवणारी माणसे शब्दांशी खेळतच नव्हती काय?

मग मुलांनाही खेळू द्या. ‘तांबट’ म्हणताच एखादे ‘आंबट’ म्हणेल, दुसरे ‘लांबट’ जोडील. आंबट तोंडाचा लांबट तांबट जन्माला येईल आणि सारी हसतील. यमक म्हणजे काय, हे मग फळ्यावर लिहून शिकवावे लागणार नाही.

‘अशा पोरखेळातून साहित्य घडत नाही,’ असा आक्षेप येईल. परंतु ज्ञानपीठ लाभलेल्या विंदा करंदीकरांनी आपल्या बालकवितासंग्रहाला ‘अडम् तडम्’ असे खेळातलेच नाव दिले. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी यमकाने बांधलेली, लोकांच्या ओठांवरची ओवीच निवडली. आणि उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने पशुपक्षी आदामापुढे आणले, ते तो त्यांना कोणती नावे देतो हे पाहण्यासाठी. नावांची यादी पाठ करून घेण्यासाठी नव्हे!

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या अनेक मुलांपाशी मराठी आता घर आणि चर्च यांच्यापुरतीच उरली आहे. तेथेही ती परीक्षेसारखी भेटली, तर उद्या प्रार्थनेतले शब्दही त्यांना परके होतील. म्हणून यंदा पाठांतराचे बक्षीस बंद करावे आणि ते स्वतः रचलेल्या दोन ओळींना द्यावे. त्या ओळी वेड्यावाकड्या असतील. पण त्या मुलांच्या असतील.